नलिनीताईंची स्की

मी नलिनीताईंकडे कामाला आले त्या दिवशी त्या हॉलमध्ये गुडघे टेकून सोफ्याखाली बघत होत्या. मला वाटलं काही हरवलं असेल. पिशवी दाराशी ठेवून मीही वाकले. त्या म्हणाल्या, "काही नाही गं. नंबर शाबूत आहे का बघतेय. परत करताना नंबर नसला तर कटकट करतात."

सोफा भाड्याचा होता. पलंग, जेवायचं टेबल, टीव्ही, धुण्याचं मशीन, सगळं एका दुकानातून महिन्याच्या भाड्याने आणलेलं. गाडीही भाड्याची. परत कधी करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना आखातात, दोह्यात येऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. आल्या होत्या दोन वर्षांसाठी.

त्या मूळच्या नाशिकच्या. गॅसच्या एका कंपनीत, लॅबमध्ये केमिस्ट होत्या. लग्न केलेलं नव्हतं. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यात आम्ही दोघी. माझा व्हिसा त्यांच्या नावावर होता. त्यांची नोकरी असेपर्यंत माझी नोकरी. माझी मुलगी सिन्नरजवळ आमच्या गावी माझ्या आईकडे राहून शिकत होती. माझ्याबद्दल एवढं पुरे.

ताई भाजी चिरायच्या ती सगळे तुकडे सारखे होईपर्यंत. दुधीचा एखादा तुकडा मोठा राहिला तर तो वेगळा काढून पुन्हा कापायच्या. डब्यांवर तारखा घालायच्या, मिठाच्या डब्यावरसुद्धा. मी एकदा म्हटलं, "ताई, मीठ कुठे खराब होतं?" त्या म्हणाल्या, "मीठ नाही होत. पण आपण कधी उघडलं ते कळायला नको?" चहा उभ्यानेच प्यायच्या. कुठलीही वाईट बातमी आली की म्हणायच्या, "बरं. पुढे." दूध उतू गेलं, बरं, पुढे. गाडीला मागून कुणी ठोकलं, बरं, पुढे. त्यांची आई गेली तेव्हा नाशिकहून त्यांच्या भावाचा, दादांचा फोन आला, मी तिथेच होते. "बरं" म्हणाल्या. त्यानंतर बराच वेळ फोन कानाला तसाच होता. पुढचा शब्द त्या दिवशी आला नाही.

दर दोन वर्षांनी त्यांची नोकरी पुढे वाढवल्याचा कागद यायचा. आधी साहेब तोंडी सांगायचे, मग शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत सहीचा कागद. तो कागद हातात आल्याशिवाय ताई घरात काही विकत आणत नसत. कागद आला की एक वस्तू. असा त्यांचा नियमच होता. एका कागदाला कुकर आला, एकाला पडदे. पडद्यांच्या आधी दोन वर्षं खिडकीला चादर होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "भाड्याचं परत देता येतं, शोभा. विकत घेतलेलं आपल्याबरोबर ओढावं लागतं."

त्रेपन्नाव्या वर्षी त्या स्की शिकायला लागल्या. ऑफिसातल्या मुली ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला, बर्फाच्या डोंगरांत निघाल्या होत्या, त्यातली एक गळाली, तिच्या तिकिटावर नाव बदलून ताई गेल्या. परत आल्या तेव्हा एक कोपर निळं होतं आणि नाकाची साल निघाली होती. दारातच म्हणाल्या, "मला बर्फावर उभं राहता येतं."

मी म्हटलं, "त्यात काय, ताई?"

तेव्हा त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापून दोन लांब पट्ट्या केल्या, मोजे घालून त्यांवर उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघरापासून बेडरूमच्या दारापर्यंत फरशीवर घसरत गेल्या. पायाला अशा लांब पट्ट्या बांधायच्या, त्या म्हणजे स्की, आणि डोंगरावरून खाली यायचं, असं सांगितलं. दारावर आपटल्या. पुन्हा मागे येऊन पुन्हा गेल्या. मी पोळ्या लाटत होते.

मग दर हिवाळ्यात दोनदा जायला लागल्या. जानेवारीत एकदा, मार्चमध्ये एकदा. इथल्या मॉलमध्ये मुलांसाठी बर्फ केलेलं एक ठिकाण आहे, तिथे एकदा मला घेऊन गेल्या. दहा मिनिटांत बाहेर आल्या. म्हणाल्या, "हा फ्रीज आहे. चल, आइस्क्रीम खाऊ."

तिथे जॉर्जियात स्की, बूट, काठ्या, सगळं भाड्याने मिळायचं. ताईंना ते पटणारंच होतं. पण तिसऱ्या वर्षी तिथले शिकवणारे मास्तर त्यांना म्हणाले, भाड्याचे बूट रोज वेगळ्या पायाचे असतात, आधी बूट स्वतःचे घ्या. त्या वर्षी कागद आलेला होता. ताईंनी बूट घेतले. मला म्हणाल्या, "पाय माझे, मग बूट माझे. हे ठीक आहे." जणू मीच हिशेब विचारला होता.

बूट लोखंडासारखे जड आणि कडक. ते घालून घालून पायाला बसवावे लागतात म्हणे. म्हणून ताई संध्याकाळी ऑफिसातून आल्या की एसी अठरावर लावायच्या, बूट चढवायच्या आणि अर्धा तास घरात चालायच्या. खट, खट, खट. चौथ्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे हैदराबादचे गृहस्थ वर आले.

"मॅडम, ऊपर कुछ तोड़ रहे क्या?"

"नहीं भाईसाहब. चल रही हूँ."

त्यांनी ताईंच्या पायांकडे पाहिलं. "पैर को कुछ हुआ?"

"नहीं. ये बर्फ के जूते हैं."

"यहाँ?"

"यहाँ सिर्फ प्रॅक्टिस."

ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने वाटीभर शीरखुर्मा पाठवला आणि विचारलं, मॅडमचा पाय आता कसा आहे. त्यानंतर ताई गालिच्यावर चालायला लागल्या.

स्की मात्र भाड्याचीच राहिली. घ्यायची की नाही, हे दोन वर्षं चाललं होतं. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. मधोमध रेघ, एका बाजूला "विकत", दुसऱ्या बाजूला "भाड्याने". ताई तो मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायच्या. स्वतःसाठी की मला वाचता यावं म्हणून, ते माहीत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण तो कागद मी रोज वाचायचे. विकतच्या बाजूला होतं: "एकाच जोडीची पायाला सवय होते. कडांना धार आपण सांगू तशी. भाड्याची वेगात थरथरते." भाड्याच्या बाजूला होतं: "विमानातून न्यावी लागत नाही. मी आणखी सुधारले तर आत्ताची जोडी कमी पडेल. बिघडली तर त्यांची." आणि अगदी खाली, कुठल्याच बाजूला नाही असं, रेघेवरच लिहिलं होतं: "किती वर्षं?"

एका शुक्रवारी जोशीसाहेब आणि जोशीवहिनी जेवायला आले होते. जोशी पुण्याचे, फायनान्समध्ये. पाणी घ्यायला उठले आणि तो कागद वाचून आले.

"नलिनीताई, सरळ आहे," ते म्हणाले. "भाडं भरताय ते गेलेच पैसे. चार ट्रिपांत किंमत वसूल. फ्लॅटचं काय असतं? तेच."

वहिनी म्हणाल्या, "फ्लॅटमध्ये राहता येतं. ही काय पलंगाखाली ठेवून बघत बसायची?"

"अगं, रीसेल असतो."

"दोह्यात? स्कीला? आमच्या ह्यांनी बाणेरला फ्लॅट घेतलाय, ताई, त्याला भाडेकरूसुद्धा आम्हाला मिळत नाही आणि हे तुम्हाला सल्ला देतायत."

"तो रोडचा प्रॉब्लेम आहे."

"बर्फात रोड आहे का?"

ताई हसत होत्या. मग वहिनींनी वाटी पुढे करून म्हटलं, "पण खरं सांगू का, या वयात गुडघा गेला तर कोण बघणार? इथे ना मूल ना माणूस."

ताई म्हणाल्या, "शोभा बघेल." आणि त्यांनी मला वरण वाढायला सांगितलं.

पाचव्या वर्षी, जानेवारीत, त्या परत आल्या आणि बॅग न उघडताच फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. तिथल्या दुकानाने एक दिवस वापरून बघायला म्हणून एक जोडी दिली होती. त्या दिवशी त्या सगळ्यात वरच्या टप्प्यावरून खाली आल्या. भाड्याची जोडी तिथे हादरायची, पायाखालून निसटायला बघायची. ही हादरली नाही. ताई मला सांगत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी वळायचं मनात आणलं की ती वळायची. असं मला कधी झालं नव्हतं. कशाच बाबतीत नाही." त्यांचे हात दोन्ही बाजूंना थोडे वर होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी चहा दिला. त्यांनी तो बसून घेतला.

त्याच वर्षी नोकरीच्या कागदाची वेळ होती. फेब्रुवारीत साहेब म्हणाले, "आपका तो हो जाएगा, पेपर आ जाएगा." दर वेळी असंच म्हणायचे, आणि दर वेळी पेपर यायचा. पण मार्चची ट्रिप पेपरच्या आधी होती. दुकानदाराने मार्चपर्यंत ती जोडी ताईंसाठी ठेवली होती. नंतर ती विकली जाणार होती.

मी मेथी निवडत बसले होते. ताई फ्रिजवरचा कागद काढून घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"शोभा, तू सांग. घेऊ का?"

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं, ताई."

"कळण्याचं नाही विचारत. घेऊ का?"

मुलीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं. तिची आणखी तीन वर्षं बाकी होती. गेले कित्येक दिवस मी तो कागद वाचत होते तो स्कीसाठी नाही. ताईंनी स्की घेतली तर त्या इथे राहणार. ज्याला जायचं आहे तो बर्फाची वस्तू विकत घेत नाही. आणि ताई राहिल्या तर मी राहणार. माझ्या मनात त्या क्षणी एवढंच होतं. त्यांच्या गुडघ्यांचं नव्हतं, डोंगराचंही नव्हतं.

"घ्या," मी म्हटलं.

"आणि पेपर?"

"येईल की. दर वेळी येतो."

"तू कधीच काही सांगत नाहीस," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला विचारलं."

त्यांनी तो कागद चार घड्या करून मेथीच्या देठांबरोबर कचऱ्यात टाकला.

मार्चच्या शेवटी त्या लांब काळी पिशवी घेऊन आल्या. स्की हिरव्या रंगाची होती, टोकाला पांढरी. जेवणाच्या टेबलावर ठेवली तर दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती. "कडेला हात लावू नकोस, धार आहे," असं सांगून त्यांनीच माझं बोट धरून कडेवरून हळू फिरवलं. खालच्या बाजूला मेणाचा जाड थर होता. उन्हाळाभर तो तसाच ठेवायचा, हिवाळ्यात खरवडायचा, असं मास्तरांनी सांगितलं होतं. यंदाचा बर्फ संपत आला होता. पुढच्या जानेवारीत त्या ती स्वतःची म्हणून पहिल्यांदा वापरणार होत्या. स्की पलंगाखाली गेली. ताई ऑफिसला गेल्या तरी त्या खोलीचा एसी मी बंद करायचा नाही, असं ठरलं. मी म्हटलं, "माझ्या खोलीचा तर लगेच बंद करता." ताई म्हणाल्या, "तुला मेण लावलेलं नाही."

त्या दोन-तीन आठवड्यांत घर वेगळं होतं. ताईंनी भिंतीला दोन खिळे ठोकले. काय लावायचं ते ठरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्या दुपारी दोनलाच घरी आल्या. हात धुतले, जेवल्या, ताट स्वतः घासलं. मग म्हणाल्या, "शोभा, पेपर आला."

मला बरं वाटलं. एवढं आठवतं, की आधी मला बरं वाटलं.

"पुढे नाही वाढवलं त्यांनी. जूनपर्यंतच." त्यांनी फडकं वाळत घातलं. "बरं. तुझं बघायला हवं आता."

मी भाजी परतत राहिले. ती आधीच शिजलेली होती.

पुढचे दिवस ताई माझ्यासाठीच फिरत होत्या. त्यांचं स्वतःचं आवरायचं सगळं मागे पडलं. जोशीवहिनींच्या ओळखीने शहरातच, अल थुमामा भागात एक कुटुंब मिळालं, नवरा-बायको आणि दोन मुलं. ताई मला घेऊन तिथे गेल्या. मी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि ताई त्या बाईंना विचारत होत्या, खोलीला खिडकी आहे का, शुक्रवारची सुट्टी पूर्ण की अर्धी, पासपोर्ट तिच्याकडेच राहील ना. त्या बाई शेवटी म्हणाल्या, "काकू, मी मुलगी मागायला आल्यासारखं वाटतंय." ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खिडकीचं सांगा." मग कार्यालयांतून हेलपाटे, सह्या, शिक्के. मी का "घ्या" म्हणाले होते ते मी त्यांना सांगितलं नाही. गाडीत आम्ही दोघीच असायचो, तेव्हा सांगता आलं असतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

दादांचा फोन यायचा तो त्या स्पीकरवर ठेवून कपडे आवरायच्या. दादा म्हणायचे, "नाशकात तू त्या फळ्यांचं करणार काय? वरच्या खोलीत तुझा पलंग मावतो की नाही याची मारामार आहे. तिथेच देऊन टाक कुणाला."

"बघते," ताई म्हणायच्या.

त्यांनी खरंच इथल्या मराठी ग्रुपवर स्कीचा फोटो टाकला. एक मुलगी आली, पुण्याची, आयटीतली, एका वर्षाच्या कामावर आलेली. तिने स्की उभी करून आपल्या उंचीशी लावून पाहिली, कडेवर बोट फिरवलं, सगळं नीट पाहिलं. मग थोडी अडखळत म्हणाली, "काकू, विकत घेऊन मी ठेवू कुठे? माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंतच आहे. तुम्ही एका ट्रिपपुरती भाड्याने द्याल का?"

ताई हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना. त्या महिन्यांत त्या तेवढ्या एकदाच हसल्या. त्या मुलीला काय झालं ते कळेना, ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला पाणी दिलं. ताईंनी डोळे पुसून तिला सांगितलं, बूट आधी स्वतःचे घे, आणि तिथल्या मास्तरांचा नंबर लिहून दिला. फोटो त्यांनी ग्रुपवरून काढून टाकला.

जाण्याच्या आदल्या दिवशी भाड्याच्या सामानाची माणसं आली. दोघं होते. एक यादी वाचायचा, दुसरा उचलायचा. सोफा गेला, टेबल गेलं, टीव्ही गेला. पलंग खोलून बाजूला केला तर खाली ती काळी पिशवी. उचलणाऱ्याने ती उचलून खांद्यावर घेतली आणि दाराशी आला. यादीवाला म्हणाला, "ये लिस्ट में नहीं है, मॅडम."

"हाँ," ताई म्हणाल्या. "वो मेरा है."

त्याने पिशवी भिंतीला टेकवून उभी केली. सगळं नेऊन झाल्यावर हॉलमध्ये तेवढीच उभी होती. आम्ही दोघी जमिनीवर चादर टाकून पिठलं-भात जेवलो. ताईंनी माझ्या मुलीचं नाव घेऊन विचारलं, तिला शिकायला काय आवडतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं.

सकाळच्या विमानाला मी त्यांच्याबरोबर विमानतळापर्यंत जायचं ठरलं होतं. तिथून त्याच टॅक्सीचा ड्रायव्हर मला परत आणून सोडणार होता. अल थुमामाचे लोक मला न्यायला दुपारी चारला येणार होते. ड्रायव्हर नेपाळचा होता, वेळेवर आला. दोन मोठ्या बॅगांनी डिकी भरली. बुटांची पिशवी आणि हातातली बॅग मागच्या सीटवर गेली. स्की कुठेच बसेना. ड्रायव्हरने तिरकी करून पाहिली, काचेतून बाहेर काढून पाहिली. मग पुढची सीट पूर्ण मागे पाडली आणि ती समोरच्या काचेपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत लांबीने ठेवली, टोक पाठीवर टेकवून. एका बाजूला बॅगा, मध्ये स्की, दुसऱ्या बाजूला एक माणूस बसेल एवढी जागा उरली.

ताईंनी त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू कशी येशील?"

"राहू दे, ताई," मी म्हटलं.

"दुसरी टॅक्सी बोलावू?"

"उशीर होईल तुम्हाला."

त्यांनी पर्स उघडली. मग घराची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाल्या, वॉचमनला दे, सही घे त्याची. मी हो म्हटलं. त्या आत बसल्या. पट्टा लावला, पुन्हा काढला, आणि स्कीच्या पिशवीभोवती घेऊन मग लावला, ती घसरू नये म्हणून. काच वर होती. त्या काहीतरी बोलल्या. एसीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. पुढे शाळेची बस उभी होती, मुलं एकेक करून चढत होती. मागच्या काचेतून ताईंचं डोकं दिसत होतं आणि शेजारी त्या काळ्या पिशवीचं टोक, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. बराच वेळ दोन्ही हलली नाहीत. मी किल्ली धरून फाटकाशी उभी होते. मग बस निघाली.